हिरमोडाचा पाठ

पट्टी,

शाळेकडून पत्र आलंय. पन्नास वर्षांची स्मरणिका निघतेय, त्यात तुझ्यावर अर्धं पान मी लिहावं म्हणे. कसं लिहायचं याचा नमुनाही सोबत धाडलाय: सेवाभावी, मनमिळाऊ, मुलांत रमणाऱ्या. नमुना मी केराच्या टोपलीत टाकला. तू मनमिळाऊ कुठली! शिक्षकांच्या खोलीत तुझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असायची, कारण चहा पिता पितासुद्धा तू समोरच्याचे ओठ तपासायचीस. गणिताचे सर मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला आले, तर तू त्यांना म्हणालीस, "सर, तुमचा 'फ' दिसत नाही." ते बिचारे पत्रिका ठेवून निघून गेले.

त्यांना अर्धं पान देईन, तेवढं मला येतं. इथे बाकीचं लिहितेय. यातलं पुष्कळसं तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, तेव्हा मध्ये मध्ये बोलू नकोस.

शाळा बहिऱ्या मुलांची, राहण्याची. पाटीवर 'कर्णबधिर' लिहिलं होतं, आत सगळे बहिरी मुलंच म्हणायचे. मी मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या बाई. तू तेविसाव्या वर्षी आलीस, बगलेत जाड कागदाची गुंडाळी घेऊन. त्या कागदाच्या तू वीतभर लांब पट्ट्या कापायचीस आणि एकेका पट्टीवर काळ्या शाईने एकेक शब्द लिहायचीस. महिन्याभरात तुझं नाव पट्टी पडलं, आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

तुझी पद्धत एका ओळीत सांगण्यासारखी होती. आधी अनुभव, मग शब्द. 'जड' शिकवायचं तर पोराच्या हातात दगड द्यायचा, त्याचे खांदे खाली आले की लगेच पट्टी द्यायची. 'ओलं' शिकवताना तू वर्गात बादली उपडी केलीस आणि सफाईवाल्या मावशींनी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला. 'उशीर' शिकवायला तू पाऊण तास वर्गावर गेलीच नाहीस. मी तुझी अर्धी रजा कापायला निघाले होते, तर तू शांतपणे पाठाचं टाचण पुढे केलंस. त्यात लिहिलं होतं: 'शिक्षिकेने उशिरा येणे.' मुलांना मात्र तो शब्द जन्मभर पुरला. प्रत्येकाकडे शिवलेली पिशवी असायची, त्यात कमावलेल्या पट्ट्या. भांडण झालं की पोरं एकमेकांची पिशवी पळवायची, खाऊ नाही.

तू एका खोलीत राहायचीस, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, धाकट्या बहिणीबरोबर. एकाने तुला मागणी घातली होती, जमीन मोजणारा होता. चांगला होता. त्याला भरघोस मिशा होत्या. तू म्हणालीस, वरचा ओठ दिसत नाही, काढून टाका. त्याने मिशा ठेवल्या आणि तुला सोडलं. मी तुला वेडी म्हटलं, तर तू हसलीस. त्या काळात तू हसायचीस.

आता मुंगीकडे येते.

मुंगी सातव्या वर्षी आली. आई नव्हती. बाप ट्रक चालवायचा. माल इकडे यायचा असेल तेव्हा तो यायचा, कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. बहिऱ्या मुलांना ट्रक ऐकू येत नाही, पण जमिनीतून कळतो. फाटकाशी तो थांबायच्या आधी वर्गातल्या फरशीला थरथर यायची, आणि मुंगी पहिली पळायची. नवव्या वर्षी तिला आवाजाने बोलता येणारे शब्द एकेचाळीस होते, तू वहीत मोजून ठेवलेले. सगळ्यांत स्पष्ट शब्द 'बाबा'. तो शिकवायला तू चार महिने घेतलेस. तिचा तळहात तुझ्या गालावर, तुझा तिच्या गालावर, समोर आरसा. ज्या दिवशी तिने ट्रकच्या दारापाशी तो शब्द म्हटला, त्या दिवशी तो माणूस खाली उतरलाच नाही बराच वेळ. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता.

चौथीच्या पुस्तकात सतरावा धडा होता. मुलं सहलीला निघतात, पाऊस येतो, सहल रद्द होते. 'मुलांचा हिरमोड झाला.' महिनाअखेरीस तपासनीस येणार होते आणि ते या धड्यावर विचारणार हे सगळ्या शाळांना माहीत होतं. तू माझ्या खोलीत आलीस.

"मोठ्या बाई, हे वाक्य मी पाठ करून घेणार नाही. फसवणूक आहे ती."

"तपासनिसांची?"

"मुलांची हो. त्यांना हिरमोड आणि दुःख एकच वाटतं. गुडघा फुटला, दाखवतात हिरमोड. भूक लागली, हिरमोड."

"मग फरक सांग ना त्यांना."

"सांगून कळत असतं तर ती आपल्याकडे कशाला आली असती?"

बरोबर होतं तुझं. त्या दुपारी आपण दोघींनी त्या शब्दाचा कीस पाडला, मला आठवतंय. निराशा ही रोजची असते, तिला कारण लागत नाही. अपेक्षाभंग अर्जबिर्ज केलेल्या मोठ्या माणसांचा. भ्रमनिरास वर्तमानपत्रात होतो. हिरमोड व्हायला मात्र आधी अंगावर कपडे घालून, केस विंचरून, दारात उभं राहावं लागतं. तू म्हणालीस, "म्हणजे आशा लावावी लागेल. चांगली आठवडाभर." आणि मी म्हटलं, "लाव की."

टाचण तू दुसऱ्या दिवशी आणलंस. 'सोमवार: शनिवारी नदीवर सहल, गाडी येणार, हे चित्राने सांगणे. मंगळवार ते शुक्रवार: तयारी. शनिवार सकाळी दहा: गाडी न येणे. शब्द देणे. दुपारी दोन: गाडी येणे, सहल.' मी ते पूर्ण वाचलं. लोकांना वाटतं, सह्या न वाचता करतात. मी वाचलं, हसले, "गाडी न येणे हे आपल्याला मस्त जमेल," असं म्हणाले आणि हिरव्या शाईने सही केली.

तुझी चित्रकला म्हणजे आनंद होता. सोमवारी तू फळ्यावर काढलीस ती बस होती असं तूच म्हणायचीस. उंच बोनेट, मोठाली चाकं, खिडकीतून हात बाहेर काढून हलवणारा एक माणूस, डोक्यावर टोपी. खाली वार आणि नदी. नदी इतकी बारीक की रस्ता वाटावा. आठ मुलं होती वर्गात. सात जणांनी बस पाहिली.

मुंगीने काय पाहिलं हे आठवडाभर कोणी विचारलं नाही. वसतिगृहाच्या मावशी बुधवारी मला जिन्यात म्हणाल्या होत्या, "ती मुंगी सारखी आवराआवर करतेय, गादीखालचं पण काढलं." मी म्हटलं, "सहल आहे ना." मावशी म्हणाल्या, "सहलीला उशीचा अभ्रा?" आणि मी घाईत होते.

शनिवारी मुलं पायऱ्यांवर बसली होती, मांडीवर डबे, ब्रेड आणि उकडलेली अंडी. मी वरच्या खिडकीत होते. मला पाठ बघायचा होता. मुंगी पायऱ्यांवर नव्हती. ती फाटकाशी उकिडवी बसली होती, सुट्टीत घरी जातानाचा निळा फ्रॉक घालून, आणि दोन्ही तळहात जमिनीवर सपाट टेकवून. पाऊण तास ती तशी बसली. मला वाटलं, किती छान, उत्सुकता शिकवायलाही हेच चालेल.

साडेदहाला तू आलीस आणि हातांनी सांगितलंस, गाडी नाही. पोरांचे चेहरे उतरले. तू एकेकाला पट्टी देत गेलीस, चेहऱ्याजवळ धरत, बोटाने गाल दाखवत. मग मुंगीपाशी पोचलीस. तिने मान वर केली.

तसा चेहरा मी आधी बघितला नव्हता, आणि तूही नाही. म्हणून तर तुला मोह झाला. तू तिचा दंड धरून तिला सगळ्यांत वरच्या पायरीवर उभं केलंस. हनुवटीखाली पट्टी धरलीस. 'बघा. हा.' मुलं एकेक करून वर चढली आणि तिच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन बघून गेली. एकाने बोटाने तिचा खालचा ओठ चाचपला, खरा आहे का ते बघायला. आणि मी वरून दोन्ही हात हवेत हलवले. आपल्याकडे टाळ्या तशाच वाजवायच्या, पोरांना दिसाव्यात म्हणून. मुंगी तेव्हा वर माझ्याकडे बघत होती.

मावशी फाटकाकडून ओरडत आल्या. "बाई, ही पेटी कोणी आणून ठेवली इथे? मला उचलत नाही."

पेटी मुंगीची होती. तू ती उघडलीस. सगळे कपडे होते, अभ्रा, फणी, वह्या, आणि वर पट्ट्यांची पिशवी. सहलीला जाणारं मूल एवढं घेत नाही, घरी जाणारं घेतं. तू फळ्याकडे गेलीस, ते चित्र अजून तसंच होतं, आणि तिथून परत येताना तू भिंतीला हात लावत आलीस.

दोनला बस आली. फरशी थरथरली आणि मुंगी पळाली, सगळ्यांत पहिली. स्टिअरिंगपाशी बसलेला माणूस खाली उतरला, अनोळखी, टक्कल पडलेला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मागे येऊन रांगेत उभी राहिली. नदीवर तिने डबा संपवला. रडली नाही, खळखळ केली नाही. मला तेव्हा हायसं वाटलं, हे मी लपवत नाही.

सोमवारी तू तिला आरशासमोर बसवलंस. तिचा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवलास. तिने तो काढला नाही, तू ठेवलास तिथे तो राहिला, ओल्या फडक्यासारखा. तू 'बाबा' म्हणालीस. तिने ओठ मिटलेले ठेवले. मंगळवारी तसंच. तू चित्रं काढून तिला सगळं समजावलंस, या वेळी मला बस काढायला लावलीस, शेजारी ट्रक, मध्ये फुली, तुझं स्वतःचं चित्र कान धरलेलं. तिने नीट बघितलं आणि खुणेने सांगितलं, कळलं. तिला कळलं होतंच. मुलं तिच्यावर हसतही नव्हती, खेळायला घेत होती, आणि ती खेळत होती. फक्त आवाज तिने आत ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी तपासनीस आले. सतराव्या धड्यावरच त्यांनी बोट ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं: 'हिरमोड – स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.' आठ पाट्या वर झाल्या. सात पाट्यांवर, कुठे काना चुकलेला, कुठे मात्रा, पण एकच वाक्य. 'बाईंनी मुंगीचा हिरमोड केला.' आठवी पाटी कोरी.

साहेबांना भलताच आनंद झाला. "पाठ केलेलं नाही हं हे! मुंगी कोण?"

सात बोटं वळली.

"आणि बाई कोण?" ते हसत म्हणाले.

तू हात वर केलास. वर्गात करतात तसा, कोपरापासून सरळ.

"वा, वा. प्रत्यक्ष अनुभवातून अध्यापन," असं म्हणत त्यांनी शेरापुस्तकात लिहिलं, 'पाठ अत्यंत परिणामकारक.' त्याखाली मला सही करायची होती. केली.

वार्षिक सुट्टीनंतर बाप तिला सोडायला आला. ऑफिसच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. तू माझ्यासमोर बसली होतीस.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"महिनाभर होती माझ्याबरोबर, गाडीतच. एकदा हाक मारली नाही. आधी दार उघडायच्या आत बाबा बाबा करून डोकं खायची. घसा बसलाय का तिचा? काही औषध असलं तर—"

"घसा चांगला आहे."

"मग मोठी झाली म्हणून लाजते?"

तू सांगितलंस. एकही शब्द गाळला नाहीस, माझी सही तेवढी गाळलीस. तो ऐकत होता.

"म्हणजे मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम. पण तिचं असं करायचं नव्हतं."

"सगळ्यांचं करायचं होतं."

"हो."

त्याने टोपी दोनदा उलटीसुलटी केली. "मी पण म्हणतो तिला पुढच्या महिन्यात येतो म्हणून. आणि येत नाही. मला वाटायचं, लहान आहे, विसरेल." मग त्याने आणलेली फळांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. फळं कोणी खाल्ली नाहीत, मावशींनी शेवटी टाकून दिली.

तू म्हणालीस, "मी नोकरी सोडते."

"आणि काय करशील? खाली जाऊन घड्याळं दुरुस्त करशील?" मी म्हणाले. मला शाळा चालवायची होती आणि तुझ्या जागी येणारं कोणी नव्हतं. तू राहिलीस.

राहिलीस म्हणजे अठरा वर्षं. पट्ट्या कापायच्या बंद केल्यास. पुस्तक उघडायचं, वाक्य वाचायचं, पाठ करून घ्यायचं. 'उशीर' शिकवताना तू वेळेवर यायला लागलीस. तुझ्या वर्गाचा निकाल सुधारला, दोनदा ढाल मिळाली आपल्याला, आणि ढाल घेताना काढलेल्या फोटोत तू माझ्यामागे अर्धी दिसतेस. सतरावा धडा तू दर वर्षी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावायचीस. धाकटी बहीण संसाराला लागली, दुसरा पलंग तू विकला नाहीस, त्यावर वह्या ठेवल्यास. मुंगी पंधराव्या वर्षी शाळेतून गेली, जाताना सगळ्यांशी हात मिळवला, तुझ्याशीही. बाकीच्यांशी मिळवला तेवढाच वेळ.

आणि मग गेल्या वर्षीचं. तुझं फुप्फुस थकलं होतं, जिना उतरणं संपलं होतं. मी शुक्रवारी यायचे. एका शुक्रवारी तू उशाखालून कागद काढलास. जुना एक विद्यार्थी येऊन गेला होता, त्याच्याकडून तुला कळलं होतं. मुंगी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आहे, शिवणाच्या टेबलाची मुख्य झालीय. तिला मुलगी आहे, पाच वर्षांची, कानांनी चांगली.

"मोठ्या बाई, ती पोरीशी आवाजाने बोलत असेल का हो?"

"मला काय माहीत!"

"पोरीला ऐकू येतं. हाक तर मारावी लागत असेल." दोन शब्दांमध्ये तुला श्वास घ्यावा लागत होता. "तुम्ही जा. फक्त विचारा, पट्टीने भेटायला यायचं का. हो म्हणाली तर मला खुर्चीत घालून न्यायचं बघू. नाही म्हणाली तर नाही, तेवढं मला येऊन सांगा."

"अगं, चिठ्ठी पाठव की."

"लिहिलेलं नको. माझं लिहिलेलं तिला पुष्कळ झालं."

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात दात काढायचा होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तू दाराकडे तोंड करून बसली होतीस, शेजारणीकडून केस धुऊन घेतले होतेस. मला बघताच विचारलंस, "गेलात?"

मी म्हटलं, "गेले होते. रजेवर आहे ती. पंधरा दिवस."

"कोणी सांगितलं?"

"फाटकावरच्या माणसाने."

"त्याचे ओठ दिसत होते ना नीट?" तू म्हणालीस, आणि इतक्या वर्षांनी हसलीस. "मग पंधरा दिवसांनी."

मी गेले नव्हते. पंधरा दिवसांनी तू पुन्हा विचारलंस आणि मी सांगितलं, रजा वाढवलीय. तू बोटांवर दिवस मोजलेस आणि मान डोलावलीस. त्यानंतरच्या बुधवारी तू गेलीस. घड्याळवाल्याने फोन केला.

का गेले नाही, ते सांगते. तुला माफ करायला तिला फार जड गेलं नसतं असं मला वाटतं. तू तिच्यासमोर कान धरले होतेस. पण वरून हात हलवणाऱ्या बाईला ती ओळखेल, आणि ते हात घेऊनच मला तिच्याशी बोलावं लागलं असतं. तिथे दुसरी भाषा नाही.

कारखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. जेवणाची सुट्टी साडेबाराला होते, तेव्हा बायका खाली अंगणात बसतात, हे तूच कागदावर लिहून दिलं होतंस. तिथे जाणारी बस माझ्या घराखालून सुटते, दर वीस मिनिटांनी, आणि बसायला जागा असते. कागद माझ्या पर्समध्ये आहे. तुझं काम मी केलेलं नाही.